हृदय नवं, हाडं मात्र तीच

एखाद्या दात्याचं हृदय पेटीत घालून एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात नेतात, रस्ते मोकळे केलेले असतात, पुढे पोलिसांची गाडी धावत असते, हे टीव्हीवर आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. ‘ग्रीन कॉरिडॉर’ हा शब्द आता आपल्या रत्नागिरीच्या मासळी बाजारातसुद्धा ऐकू येतो. पेटी पोचते, डॉक्टर शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याचं सांगतात, बातमी संपते. मला त्या बातमीच्या पुढचं सांगायचं आहे. ज्याच्या छातीत ते हृदय बसतं ते माणूस काही महिन्यांनी आपल्या गावी परत येतं. तिथे चिऱ्याच्या पायऱ्या असतात, विहीर असते, चार महिन्यांचा पाऊस असतो. हृदय नवं असतं, पण हाडं तीच जुनी. आणि पहिल्या वर्षात तीसुद्धा झपाट्याने पोकळ होऊ लागतात.

हृदयाचा आणि हाडांचा काय संबंध, असं कुणालाही वाटेल. संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीवरच्या घरातही सगळ्यांना असंच वाटलं होतं. त्या घरातली सून चौतीस वर्षांची. तिचं नाव मी लिहीत नाही, तिला ते आवडायचं नाही. दुसऱ्या बाळंतपणानंतर महिन्याभरात तिला दम लागायला लागला, पाय सुजले, रात्री आडवं झोपता येईना. घरातल्यांना वाटलं, बाळंतवात. निघालं ते हृदयाचं दुखणं. बाळंतपणाच्या शेवटच्या महिन्यात किंवा नंतरच्या पाच महिन्यांत काही बायकांच्या हृदयाचा स्नायू ढिला पडतो, हृदय फुगतं आणि रक्त पुढे ढकलायची त्याची ताकद जाते. पुष्कळ जणी औषधांनी बऱ्या होतात. ही झाली नाही. तीन वर्षं गोळ्यांवर काढली, शेवटी हृदय बदलण्यावाचून इलाज उरला नाही. नवरा मुंबईला नोकरीला, त्याच्या कंपनीचा विमा, गावच्या मुंबईकर मंडळाने काढलेली वर्गणी, मदत निधीचे अर्ज, ट्रस्टना पत्रं... या कागदपत्रांच्या निमित्ताने माझा त्या घराशी संबंध आला.

प्रत्यारोपण झालं, चांगलं झालं. ती सात महिने डोंबिवलीला नणंदेकडे राहून गावी आली. तोंडावर पट्टी, हात धुवायचा साबण वेगळा, ताट-वाटी वेगळी, सगळं काटेकोर. एके दिवशी पडवीतली पाण्याची कळशी तिने आत घेतली आणि पाठीच्या मधोमध कळ आली. सासूबाई मला म्हणाल्या, “कंबर धरलीय गो तिची, दुसरं काय नाय.” तेल लावलं, शेक दिला, एका हाडवैद्यालाही बोलावणं गेलं. नशीब, तो पावसामुळे आला नाही. महिना झाला तरी दुखणं हटेना. सगळ्यात आधी लक्षात काय आलं असेल तर तिचा गाऊन. पूर्वी घोट्यापर्यंत येणारा गाऊन जमिनीला लागायला लागला होता. मुंबईच्या पुढच्या फेरीत एक्स-रे काढला, तेव्हा पाठीचे दोन मणके दबून चपटे झालेले दिसले. उंची कमी झाली होती ती त्यामुळेच.

तिची फाइल मी पाहिली आहे. त्यात हृदयाच्या इकोचे अकरा रिपोर्ट होते. हाडांचा एकही नव्हता.

याचा दोष एका कुणाला देऊन भागणार नाही. हृदय बदलण्याच्या शास्त्राचा इतिहास पाहिला तर हे असं का होतं ते कळतं. जगातलं पहिलं मानवी हृदय प्रत्यारोपण ३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेत केप टाउनला डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी केलं. तो रुग्ण अठरा दिवस जगला. त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, आपल्या मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हा प्रयत्न केला होता, हे किती जणींना माहीत असेल? तो रुग्ण काही तासांतच गेला. पण परळच्या एका सरकारी रुग्णालयात, त्या काळातल्या साधनांवर, हे धाडस झालं याचा मला फार अभिमान वाटतो. पुढे १९९४ साली अवयवदानाचा कायदा झाला आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण केलं. मुंबईला मात्र २०१५ च्या ऑगस्टपर्यंत थांबावं लागलं. तेव्हा पुण्याहून आणलेलं हृदय मुलुंडच्या फोर्टिस रुग्णालयात डॉ. अन्वय मुळे यांच्या पथकाने बसवलं.

अठरा दिवस किंवा काही तास जगणाऱ्या माणसाच्या हाडांची चिंता कोण करणार? शरीर परकं हृदय स्वीकारत नाही, ही खरी अडचण होती. १९८० नंतर सायक्लोस्पोरिन हे औषध आलं, मग टॅक्रोलिमस आलं, आणि माणसं वर्षानुवर्षं जगायला लागली. तेव्हा कुठे लक्षात आलं की यांचे मणके मोडताहेत, फासळ्या तडकताहेत, खुबे मोडताहेत. हे दुखणं यशाच्या पाठोपाठ आलेलं आहे. आपल्याकडे ते यश अजून नवं, म्हणून दुखण्याची ओळखही नवी.

आता हे होतं कसं, ते सांगते. मी डॉक्टर नाही, कला शाखेची पदवीधर. पण तिच्याबरोबर फेऱ्या मारताना डॉक्टरांना विचारून विचारून जे समजलं आणि नंतर वाचून ताडून पाहिलं, तेच लिहिते आहे.

हाड म्हणजे निर्जीव दगड नव्हे. आपल्या चिऱ्याच्या गडग्याची कल्पना करा. एक गवंडी झिजलेले चिरे काढत असतो, दुसरा मागोमाग नवे बसवत असतो. हे काम आपल्या अंगात जन्मभर चालू असतं. हृदय बदलल्यावर शरीराने ते नाकारू नये म्हणून स्टेरॉइड द्यावं लागतं, आणि सुरुवातीला त्याचा डोस मोठा असतो. स्टेरॉइड बसवणाऱ्या गवंड्याला झोपवतं आणि काढणाऱ्याला मोकळं सोडतं. शिवाय अन्नातलं कॅल्शियम आतड्यातून नीट शोषलं जात नाही आणि जे आहे ते लघवीवाटे जातं. सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमसही हाडाची झीज वाढवतात. मणक्यांच्या आतलं हाड मधाच्या पोळ्यासारखं जाळीदार असतं, म्हणून पहिला मार तिथे बसतो. गडगा बाहेरून उभाच दिसतो, आत पोकळ झालेला असतो.

आणि नुकसान काही शस्त्रक्रियेच्या दिवशी सुरू होत नाही. हृदय निकामी होत असलेलं माणूस वर्षानुवर्षं खाटेवर असतं, उन्हात जात नाही, भूक नसते. अंगातलं पाणी काढायच्या काही गोळ्यांनी लघवीवाटे कॅल्शियमही जातं. आमच्या या सुनेची हाडं ऑपरेशन टेबलावर गेली तेव्हाच अर्धी दमलेली असणार. त्याआधी तीन वर्षांत दोन बाळांना पाजणंही झालं होतं.

किती जणांचं असं होतं? न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या डॉ. एलिझाबेथ शेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास आहे. हृदय बदललेल्या ४७ जणांना त्यांनी वर्षभर तपासलं. रोज कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व देऊनही पहिल्या वर्षात ३६ टक्के लोकांचं एक ना एक हाड मोडलं. बायकांमध्ये हे प्रमाण ५४ टक्के होतं. म्हणजे दोघींतली एक! आज स्टेरॉइडचे डोस तेव्हापेक्षा लवकर कमी केले जातात, त्यामुळे चित्र इतकं वाईट राहिलेलं नाही. पण धोका पहिल्या सहा महिने ते वर्षात सगळ्यात जास्त, हे गणित तसंच आहे.

याच डॉक्टरांचा २००४ सालचा दुसरा अभ्यास मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात उपाय आहे. १४९ रुग्णांना प्रत्यारोपणानंतर साधारण तीन आठवड्यांनी औषध सुरू केलं. काहींना अलेन्ड्रोनेट, काहींना कॅल्सिट्रायॉल, म्हणजे ड जीवनसत्त्वाचं तयार रूप. वर्षाच्या शेवटी अलेन्ड्रोनेट घेणाऱ्यांच्या मणक्यांची घनता एक टक्कासुद्धा कमी झाली नव्हती. ही औषधं न घेतलेल्या, तुलनेसाठी पाहिलेल्या रुग्णांचं मात्र खुब्याचं हाड सहा टक्क्यांहून जास्त झिजलं होतं. थोडक्यात, वेळेवर सुरुवात केली तर हाडं वाचतात. मोडल्यावर नव्हे, मोडायच्या आधी सुरुवात करायची. २०१० साली हृदय प्रत्यारोपणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतही यादीत नाव लागतानाच हाडांची घनता तपासावी असं म्हटलं आहे.

ही तपासणी म्हणजे डेक्सा. आडवं झोपायचं, यंत्र अंगावरून फिरतं, पंधरा-वीस मिनिटांचं काम, दुखत नाही, किरणं अगदी थोडी. कमरेचे मणके आणि खुबा यांची घनता मोजतात. उत्तर टी-स्कोअर नावाच्या आकड्यात येतं. उणे एकपर्यंत ठीक, उणे एक ते उणे अडीच म्हणजे हाड उतरणीला लागलं, उणे अडीच किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस. तरुण बायकांच्या बाबतीत डॉक्टर आणखी एक वेगळा आकडा पाहतात. आणि स्टेरॉइड चालू असेल तर आकडा बरा दिसत असतानाही हाड मोडू शकतं, म्हणून पाठ अचानक दुखली की एक्स-रे हवाच.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आपल्या गावात अधूनमधून हाडांच्या मोफत तपासणीची शिबिरं लागतात. सभागृहात बायकांची रांग, टाचेला यंत्र लावायचं, हातात चिठ्ठी आणि चिठ्ठीबरोबर कुठल्यातरी पावडरचा डबा. टाचेची ती तपासणी डेक्सा नव्हे. तिच्यावरून अंदाज येतो इतकंच. हृदय बदललेल्या किंवा रोज स्टेरॉइड घेणाऱ्या बाईने त्या चिठ्ठीवर समाधान मानू नये. डेक्सा मुंबई, पुणे, कोल्हापूर अशा मोठ्या शहरांत होते. नाहीतरी प्रत्यारोपणानंतर मुंबईच्या फेऱ्या असतातच, त्यातल्याच एका फेरीत ती करून घ्यावी.

अलेन्ड्रोनेटची गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. पण ती घ्यायची पद्धत चुकली तर औषध वाया जातं आणि अन्ननलिकेला जखम होते. सकाळी उठल्याबरोबर, अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची. त्यानंतर किमान अर्धा तास बसायचं किंवा उभं राहायचं, आडवं व्हायचं नाही. त्या अर्ध्या तासात चहा नाही, दूध नाही, दुसरी गोळी नाही. आपल्याकडे डोळे उघडायच्या आधी चहा लागतो, तेव्हा ही अट म्हणजे शिक्षाच! कॅल्शियमची गोळी नंतर, जेवणाबरोबर. ज्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं झोलेड्रोनिक अॅसिड हे इंजेक्शन आहे. कुणाला काय द्यायचं ते डॉक्टर मूत्रपिंडाची तपासणी बघून ठरवतात, कारण प्रत्यारोपणाच्या औषधांनी मूत्रपिंडावर आधीच ताण असतो. दात किडलेले असतील तर ती कामं आधी उरकायला सांगतात. ही औषधं हाडात वर्षानुवर्षं राहतात, म्हणून मूल होण्याच्या वयातल्या बाईने ते बोलणंही उघडपणे करून घ्यावं, लाजू नये.

ड जीवनसत्त्वाबद्दल एक सावधगिरी. साठ हजार युनिटची पुडी किंवा कॅप्सूल मिळते, ती बहुतेकदा आठवड्यातून एकदा घ्यायची असते. चिठ्ठी नीट न वाचता ती रोज दुधात घालून घेणाऱ्या दोघी मला भेटल्या आहेत. रक्तातलं कॅल्शियम त्याने इतकं वाढू शकतं की मूत्रपिंडं बिघडतात. कोकणात ऊन भरपूर, मग ड जीवनसत्त्व कमी कसं, असंही विचारतात. जून ते सप्टेंबर आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, सूर्य दिसायची मारामार. बाकीचे आठ महिने आपण उन्हातून जातो, पण पदराखालून. त्यातून प्रत्यारोपण झालेल्या माणसाला डॉक्टर कडक ऊन टाळायला सांगतात, कारण प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांमुळे त्वचेच्या कॅन्सरचा धोका वाढतो. त्यामुळे त्यांच्यासाठी गोळीच बरी.

खाण्याच्या बाबतीत आपण कोकणातल्या बायका भाग्यवान आहोत, फक्त हल्ली विसरत चाललो आहोत. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तांदळात त्याच्या मानाने नावापुरतं. दिवसाला हजार ते बाराशे मिलिग्रॅम लागतं. एक नाचणीची भाकरी, दोन वेळचं दूध किंवा दही, वाटीभर पालेभाजी, शेवग्याचा पाला, चमचाभर तीळ, एवढ्याने बरीचशी मजल मारता येते, उरलेलं गोळीतून. आमच्या लहानपणी आंबील गरिबाचं खाणं म्हणून हिणवलं जायचं, आता तीच नाचणी शहरात बिस्किटांच्या पुड्यात महाग मिळते. मांदेलीसारखी बारीक मासळी काट्यासकट खाल्ली तर कॅल्शियम मिळतं. पण सुकी मासळी नको. तिच्यात मीठ फार, आणि या रुग्णांचा रक्तदाब औषधांमुळे आधीच चढा असतो. दूध उकळलेलं, मासळी नीट शिजवलेली, कच्ची कोशिंबीर जपून, हे पथ्य जंतुसंसर्गासाठी.

पपनसाचं मात्र मुद्दाम सांगते. गणपतीच्या दिवसांत आपल्याकडे घरोघरी पपनस येतं. ग्रेपफ्रूट आणि त्याच्याच जातीचं हे पपनस, यांच्यामुळे टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिनसारख्या औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. त्याचा त्रास मूत्रपिंडाला आणि नंतर सगळ्यालाच. तेव्हा प्रसादाची फोडसुद्धा नको. देव रागावत नाही.

तीच गत काढ्यांची. करोनाच्या वर्षांपासून घरोघरी गुळवेलीचे काढे सुरू झाले. प्रत्यारोपण झालेल्या माणसाची प्रतिकारशक्ती डॉक्टरांनी मुद्दाम, मोजूनमापून दाबून ठेवलेली असते. ती ‘वाढवायला’ जाणं म्हणजे नव्या हृदयाविरुद्ध लढाई पुकारणं. हाड मोडलं म्हणून कांडवेल वाटून द्यायची पद्धतही गावाकडे आहे. असं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोटात जाता कामा नये. सांधेदुखीवरच्या बिननावाच्या पुड्यांचा तर विषयच नको. त्यातल्या काहींत स्टेरॉइड मिसळलेलं असतं, म्हणून तर दोन दिवसांत ‘गुण’ येतो.

हे वाचून एखादी म्हणेल, मग ते मेलं स्टेरॉइडच बंद करूया. नको! अगदी नको. आपल्या मनाने स्टेरॉइड कमी केलं किंवा अचानक थांबवलं तर शरीर नवं हृदय नाकारू शकतं, आणि एरवीही जिवावर बेतू शकतं. डोस कमी करायचा तो डॉक्टरांनीच, टप्प्याटप्प्याने.

व्यायामाचं मला सगळ्यात आशादायक वाटलं. अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठात १९९६ साली हृदय बदललेल्या सोळा जणांवर एक छोटा प्रयोग झाला. दोन महिन्यांतच सगळ्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता बारा ते पंधरा टक्क्यांनी घसरली होती. त्यातल्या आठ जणांना पाठीचे आणि हातापायांचे वजनाचे व्यायाम सहा महिने दिले, तेव्हा त्यांची हाडं जवळजवळ मूळपदावर आली. बाकीच्या आठांची आली नाहीत. आता आपण वाडीत राहणाऱ्या बाईसाठी यंत्रं कुठून आणणार? आमच्या या सुनेला फिजिओथेरपिस्टबाईंनी दिलेले व्यायाम साधे आहेत. पडवीतल्या बाकावरून हात न टेकता उठायचं आणि बसायचं. भिंतीला तळवे लावून दाबायचं. मागे फडताळ धरून टाचा उचलायच्या. खांदे मागे घेऊन पाठ ताठ करायची. आणि सपाट जागी चालायचं. एक मात्र लक्षात ठेवायचं की, बसवलेल्या हृदयाच्या मज्जातंतूंची जोडणी तुटलेली असते. त्यामुळे चढ आला की ठोके लगेच वाढत नाहीत, हळूहळू वाढतात आणि थांबल्यावर हळूहळू उतरतात. म्हणून सुरुवातीची पाच-दहा मिनिटं अगदी संथ काढायची. वाडीतला चढ एकदम चढायचा नाही.

आणि वाकायचं नाही. योगवर्गांच्या ताईंना माझी विनंती आहे, ठिसूळ मणक्यांच्या बाईला पश्चिमोत्तानासन, सूर्यनमस्कार सरसकट देऊ नका. कमरेत पुढे वाकलं की मणक्याच्या पुढच्या भागावर दाब येतो, आणि नेमका तिथेच तो चेपतो. आपली निम्मी कामं वाकूनच असतात, केर काढणं, विळीवर भाजी चिरणं, लावणी, विहिरीवरून पाणी. हे जमेल तितकं उंचीवर आणायचं. विळीऐवजी ओट्यावर सुरी, लांब दांड्याचा झाडू, कळशीऐवजी लहान तांब्या. अंगणात, पाखाडीवर पावसाळ्यात शेवाळ धरतं, ते खरवडून घ्यायचं. न्हाणीघरात पकडायला दांडी, रात्री मोरीच्या वाटेवर दिवा. चांगली हाडं असलेली माणसंही आपल्याकडे पाखाडीवर घसरून पडतात.

जांघेत किंवा खुब्यात दुखून लंगडायला व्हायला लागलं तर तेही अंगावर काढू नये. स्टेरॉइडमुळे खुब्याच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा थांबून ते खचू शकतं. ते साध्या एक्स-रेमध्ये सुरुवातीला दिसत नाही, एमआरआय लागतो.

ज्यांच्या घरी असं कुणाचं प्रत्यारोपण झालेलं नाही, त्यांनी पान उलटलं नसेल अशी आशा आहे. कारण स्टेरॉइड काही फक्त त्यांनाच मिळत नाही. दमा, आमवात, त्वचेचे काही आजार, मूत्रपिंडाचे काही आजार, यांतही ते द्यावं लागतं. तीन महिन्यांहून जास्त काळ ज्यांना पोटातून स्टेरॉइड घ्यायचं आहे, त्यांनी ‘माझ्या हाडांचं काय?’ हे विचारावंच. पाळी गेलेल्या बाईने तर विचारावंच विचारावं. आणि आपल्या देशात अवयव मिळणाऱ्यांत पुरुष फार जास्त, बायका फार कमी. म्हणजे बहुतेक घरांत आपण रुग्णाची बायको नाहीतर आई असणार. नवऱ्याची किंवा मुलाची फाइल आपल्याच हातात असते, तेव्हा हा प्रश्न आपल्यालाच विचारायचा आहे.

या सुनेला आता दीड वर्ष झालं. औषध चालू आहे, नवा मणका दबलेला नाही. गेल्या फेरीत मी सासूबाईंनाही बळेच बरोबर नेलं आणि त्यांचीही डेक्सा करून घेतली. बासष्ट वर्षांच्या, आयुष्यात कधी तपासणी नाही, दुखणंही नाही. सुनेचा उणे दोन पूर्णांक तीन आला, सासूबाईंचा उणे तीन पूर्णांक एक. आणि सुनेने कळशी उचलायची नाही म्हणून वर्षभर विहिरीवरून पाणी त्याच आणत होत्या. आता दोघींचीही सोमवारची गोळी सुरू झाली आहे. नळ पडवीपर्यंत आणून मिळावा असा अर्ज ग्रामपंचायतीत दिला आहे, सोबत दोघींचे रिपोर्ट जोडले आहेत. तोवर शेजारचा मुलगा शाळेत जाताना दोन हंडे भरून देतो.